पार्ल्यातली लाँड्री आणि आखेनचं तळघर

आम्ही पार्ले पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरी होती, ती सगळ्या मुंबईने केली तशी आम्हीही बंद करून खोलीत घेतली. त्यामुळे जूनच्या मध्यापासून गणपती येईपर्यंत धुणं वाळवायचं कुठे, हा रोजचा प्रश्न. दोरीवर, दारांवर, पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठींवर. तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतं आणि नाकाशी नेलं की तो कुबट वास. साधे कपडे कसेबसे निभावतात, गोधड्यांचं काही खरं नसतं. शेवटी या जुलैत दोन गोधड्या, एक सोलापुरी चादर आणि दोन पांढरे अभ्रे पिशवीत कोंबून मी त्या नव्या लाँड्रीत गेले. आमच्या सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या एअर होस्टेस मुली वर्षभर तिचं नाव घेत होत्या.

दुकानाचं नाव देत नाही. पुढे तक्रारही करणार आहे आणि मालकिणीच्या कर्जाचंही बोलणार आहे. तिला विचारूनच लिहितेय, पण तिचं दुकान शोधत यायची गरज नाही. हनुमान रोडच्या आसपास राहणाऱ्यांना एव्हाना कळलंच असेल.

गाळा जेमतेम 250 फुटांचा. डावीकडे ओळीने पाच मशीन, उजवीकडे एकावर एक चढवलेले चार ड्रायर, मधे स्टेशनवर असतं तसं बाकडं. आठ किलोचं धुणं 160 रुपये, चौदा किलोचं 260, ड्रायरचे दर दहा मिनिटांना 30. माझं सगळं मोठ्या मशीनमध्ये बसलं आणि वाळायला 50 मिनिटं लागली, म्हणजे 410 रुपये. आमच्या नेहमीच्या लाँड्रीवाल्याने गेल्या वर्षी एकेका गोधडीचे 300 घेतले होते आणि पाच दिवस लावले होते. इथे दीड तासात गोधडी हातात आली, ती मे महिन्यात गच्चीवर तापवलेल्या गादीसारखी. अर्ध्या वेळेत ड्रायर थांबवून मालकिणीने स्वतः ती उलटी करून पुन्हा टाकली, कारण गोधडी गुंडाळली गेली की मधला भाग ओलाच राहतो. हे मला माहीत नव्हतं.

मालकीण तिशीतली, पार्ल्यातलीच. बाकड्यावर बसल्यावर गप्पा होणारच. 2018 मध्ये ती जर्मनीत आखेनला मास्टर्स करायला गेली, प्रॉडक्शन इंजिनिअरिंग. घरी असेपर्यंत धुण्याला हात लावला नव्हता, बाई यायची. तिकडे हॉस्टेलच्या तळघरात चार मशीन आणि भिंतीवर नाव लिहायचा तक्ता. रात्री दहानंतर आणि रविवारी मशीन लावायचं नाही, शेजाऱ्यांची शांतता मोडते. "काकू, पहिल्या महिन्यात माझ्याकडे धुतलेला एकही टीशर्ट नव्हता, कारण मला सुट्टी फक्त रविवारी," ती म्हणाली. तेव्हापासून ती धुण्याकडे फॅक्टरीसारखं बघायला लागली. कुठलं मशीन दिवसात किती फेऱ्या फिरलं, मधे किती वेळ रिकामं राहिलं. आता तिच्या गल्ल्याजवळ एक वही आहे, त्यात प्रत्येक मशीनच्या फेऱ्या रेघा मारून मोजलेल्या. दिवसाला मशीनमागे सहा फेऱ्या झाल्या की भाडं आणि पगार सुटतात, म्हणाली.

मी विचारलं, तिकडे धंदा करायला शिकवतात का गं? म्हणजे कॉलेजात? ती हसली. युनिव्हर्सिटीत पोस्टर लागलेले असायचे. सरकारची एक्झिस्ट नावाची योजना आहे, तिच्यातून पदवी घेतलेल्याला स्वतःचा धंदा उभा करायला महिन्याला 2,500 युरोपर्यंत मिळतात, वर्षभर. ती दोन बैठकांना जाऊनही आली. पण त्यांना नवं तंत्रज्ञान हवं होतं आणि हिला तेव्हा नोकरी हवी होती. लाँड्री काढावी असं त्या बैठकांमध्ये अर्थातच सुचलं नाही.

मग कधी सुचलं? याचं तिचं उत्तर मला आवडलं. ती कॉलेजच्या कँटीनमध्ये ताटं धुवायची. तिच्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना तेव्हा वर्षाला 120 पूर्ण दिवस काम करायची परवानगी होती, ते सगळे तिने तिथेच घातले. शेजारी उभा राहून ताटं पुसणारा मुलगा पीएचडी करत होता, शनिवारी सायकली दुरुस्त करून द्यायचा आणि ते सगळ्यांना ऐटीत सांगायचा. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. नंतर तिथे दोन-अडीच वर्षं नोकरी करून ती परतली आणि घरी म्हणाली, लाँड्री काढते. वडील दोन दिवस बोलले नाहीत. आत्या फोनवर म्हणाली, "एवढं शिकून धोबीण होणार?"

हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे धुण्याला जात चिकटलेली आहे आणि ब्राह्मणी पार्ल्यात तर विचारूच नका. तिच्या दुकानाच्या दाराशी एक इस्त्रीवाले काका बसतात. बावीस वर्षं आमच्याच गल्लीच्या तोंडाशी कोळशाची इस्त्री चालवत होते, हाताखाली दोन पोरं. तिने त्यांना आत कोपरा दिला, विजेची इस्त्री दिली, कपड्यामागे पैसे ठरवले. या काकांनी बावीस वर्षं धंदाच केला की. त्यांना कुणी उद्योजक म्हटलं नाही, हिला मात्र सोसायटीच्या महिला दिनाला भाषणाला बोलावलं. (मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.)

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मी बँकेत 31 वर्षं काढली, शेवटची काही कर्ज विभागात, 2019 ला रिटायर झाले. शैक्षणिक कर्जाच्या किती फायली माझ्या टेबलावरून गेल्या याची मोजदाद नाही. साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँक सहसा तारण मागते, आणि मुंबईत तारण म्हणजे आईबापांचा फ्लॅट. कोर्स संपून एक वर्ष झालं की हप्ता सुरू, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. बापाचा फ्लॅट गहाण टाकून गेलेलं पोर तिकडे कितीही धंदेवाल्यांच्या संगतीत राहू दे, त्याच्या डोक्यात महिन्याचा पगार असतो.

हिचं गणित वेगळं बसलं. तिच्या युनिव्हर्सिटीत शिकायची फी नाही, दर सहामाहीला थोडी रक्कम भरायची, त्यात बस-रेल्वेचा पासही आला. जाताना व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 8,640 युरो तिकडच्या खात्यात अडकवून ठेवावे लागले, ते महिन्याला 720 असे परत हातात मिळायचे. म्हणून कर्ज घेतलं ते सात लाखांचं. साडेसातच्या आत, घर तारण नाही. तिकडच्या नोकरीत ते फेडून टाकलं. परत आली तेव्हा डोक्यावर एक रुपया नव्हता, आणि मगच सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेतून दहा लाख उचलले. फाइल मी बघितली असती तर मीही मंजूर केली असती, प्रोजेक्ट रिपोर्ट फार स्वच्छ होता.

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत आहे. 46 लाखांचं कर्ज, डोंबिवलीचा फ्लॅट तारण. शिक्षणानंतर कामाचं एक वर्ष मिळालं, इंजिनिअर म्हणून आणखी दोन. पुढे एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची लॉटरी, सगळ्या देशांचे मिळून वर्षाला 85,000 व्हिसा. त्याला दर महिन्याला धंद्याची नवी कल्पना सुचते आणि तो फोनवर तासभर सांगतो. हिच्यापेक्षा जास्त हौस आहे पोराला. पण प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपतो, "मावशी, लोन फिटू दे आधी."

तिकडून आणलेलं सगळंच इथे चाललं नाही, हेही सांगते. जर्मनीत तिच्या हॉस्टेलचं पाणी जड, मशीनला पांढरा थर धरायचा, पावडर सढळ हाताने लागायची. मुंबईला तलावांचं मऊ पाणी येतं. उद्घाटनाच्या आठवड्यात तिने तिकडच्याच सवयीने पावडर घातली आणि फेस दारातून रस्त्यावर आला. शेजारच्या वडापाववाल्याने अजून ती चेष्टा सोडलेली नाही. दुसरं म्हणजे, मशीनसमोर बसून आपले कपडे आपणच धुवायचे, हे पार्लेकरांना पटेचना. पहिले तीन महिने लोक पिशवी ठेवून "संध्याकाळी नेतो" म्हणत निघून जायचे. शेवटी तिने किलोवर धुऊन, वाळवून, घडी करून द्यायला सुरुवात केली आणि दोन बायका कामाला ठेवल्या. आज निम्म्याहून जास्त धंदा त्याचाच आहे. 2024 च्या जूनमध्ये पालिकेने 10 टक्के पाणीकपात केली तेव्हा संध्याकाळी दोन मशीन बंद ठेवावी लागली होती.

आता तक्रार. माझ्या एका गोधडीला आतून आईच्या लाल लुगड्याचं अस्तर आहे. गरम पाण्याच्या सेटिंगवर तिने रंग सोडला आणि माझे दोन्ही पांढरे अभ्रे गुलाबी झाले. गडद रंग वेगळे धुवा, ही सूचना भिंतीवर होती, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. चष्मा पिशवीत होता. अर्धी चूक माझी हे कबूल, पण पार्ल्यात दुकान आणि मराठीत एक ओळ नाही? मी तिथल्या तिथे बोलले. तिने वाद घातला नाही, अभ्रे पुन्हा फुकट धुऊन दिले आणि 100 रुपये परत केले. अभ्रे अजून फिकट गुलाबीच आहेत. दुसरी कुरकुर, पैसे फक्त यूपीआयने. मी नोटा घेऊन गेले होते, माझे पैसे शेवटी इस्त्रीवाल्या काकांनी त्यांच्या फोनवरून भरले आणि माझ्याकडून रोख घेतले. हे काही बरोबर नाही, म्हातारी माणसं येतात.

परवा चादरी घेऊन गेले तेव्हा भिंतीवर मोठ्या अक्षरात मराठी पाटी होती: "लुगड्याच्या गोधड्या गार पाण्यात, एकट्या धुवा." लुगडं हा शब्द तिने माझ्याकडूनच घेतला, उगाच नाही. रोखीचं मात्र अजून तसंच आहे.

जाणार असाल तर मंगळवार-बुधवारी दुपारी दोननंतर जा, रविवारी तासभर रांग असते. पिशवी आपली न्या, तिथली 20 रुपयांना पडते. आणि दारापासून तिसरं मशीन घेऊ नका. पिळायला लागलं की ते जागचं सरकतं आणि बाकड्यावर ठेवलेला चहा सांडतो.