आवड मांडायची कुठे: निबंधात की उपक्रमांच्या यादीत?

अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांकडे ‘कॉमन अ‍ॅप’मधून (अनेक महाविद्यालयांसाठी चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जातून) अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला आपली आवड मांडण्यासाठी दोन मुख्य जागा मिळतात: जास्तीत जास्त 650 शब्दांचा निबंध आणि 10 उपक्रमांपर्यंतची यादी, जिच्यात प्रत्येक वर्णनाला मोकळ्या जागा धरून फक्त 150 अक्षरे असतात.

यादीत विशेषणांना वाव नाही. तिथे सातत्य दिसते, कारण इयत्ता, आठवड्याचे तास आणि वर्षातील आठवडे स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात. गोव्यातल्या डिचोलीच्या देवळात पखवाज वाजवणाऱ्या मुलाने ‘संगीताची प्रचंड आवड’ असे लिहून जागा अडवू नये; एकादशीच्या भजनाला केलेली साथ आणि धाकट्या मुलांना दिलेले धडे एवढे पुरे. (प्रमाणपत्रांची फाइल जाड करण्याचा आपल्याकडचा सोस इथे कामाचा नाही.)

निबंधाचे काम निराळे आहे. गोव्यातल्याच तिसवाडीतील खाजन शेतीत (खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीत) रमलेल्या मुलीने भरतीच्या दाबाने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारे कशी मिटतात, ओहोटीला ती कशी उघडतात आणि एखादी फळी कुजली की खारे पाणी शिरून भाताची कशी नासाडी होते, हे पाहताना पडलेला प्रश्न व त्याचा केलेला पाठपुरावा लिहिला, तर वाचणाऱ्याला तिची विचार करण्याची रीत कळते.

माझ्या मते यादी आधी भरावी आणि जे 150 अक्षरांत मावत नाही तेवढेच निबंधासाठी राखावे. यादीतच पुरेशी स्पष्ट होणारी आवड निबंधात पुन्हा आणण्यापेक्षा तिथे खुशाल दुसरा विषय घ्यावा.