स्टिअरिंगवरची बटणं, मुका हॉर्न आणि वाढे फाट्याचे वायरिंगवाले काका

साताऱ्यात कुणाच्या गाडीच्या स्टिअरिंगवरची बटणं वेड्यासारखी वागत असतील, तर वाढे फाट्याजवळच्या या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जरूर जा. दुकानाला धड पाटी नाही. पत्र्याची शेड, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग आणि आत एक लांबलचक टेबल. आजूबाजूला ‘वायरिंगवाले काका’ म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन उपचार करते. वाई-पाचगणीकडचे पेशंट जास्त, त्यामुळे पसरणी घाट नेहमीचाच. पावसाळ्यात धुकं उतरलं की त्या वळणांवर हॉर्नशिवाय गाडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ. माझा हॉर्न नेमका वळणावरच मुका व्हायचा. सरळ रस्त्यावर खणखणीत, आणि स्टिअरिंग डावीकडे पुरतं वळवलं की गप्प. अधूनमधून एअरबॅगचा लाल दिवा लागायचा. शिवाय आवाज वाढवायचं बटण दाबलं की आवाज राहायचा तसाच, गाणं पुढे सरकायचं.

आधी सर्व्हिस सेंटरला दाखवलं होतं. त्यांनी स्कॅनर लावला आणि बटणांचा अख्खा सेट व क्लॉक स्प्रिंग नावाचा स्टिअरिंगमधला पार्ट, दोन्ही बदलायचं सोळा हजारांच्या वर एस्टिमेट हातात दिलं. गाडी वॉरंटीबाहेरची. बटणांचं नक्की काय बिघडलंय, हे विचारलं तर उत्तर एकच, ‘त्यात रिपेअर नसतं मॅडम.’

काकांनी गाडीला हात लावण्याआधी मला बरंच विचारलं. हॉर्न कधी जातो? दिवा त्याच वेळी लागतो का? गाडी जागेवर उभी असतानाही बटण चुकतं का? मग म्हणाले, “ताई, हे दोन वेगवेगळे आजार आहेत. एकाच औषधानं जायचे नाहीत.”

मला समजलं ते असं. स्टिअरिंग गोल फिरतं, गाडीतलं वायरिंग मात्र जागेवर असतं. या दोघांना जोडणारी, गुंडाळी केलेली चपटी पट्टी म्हणजे क्लॉक स्प्रिंग. हॉर्न, एअरबॅग, बटणं, सगळ्यांचा करंट तिच्यातून जातो. म्हणून हॉर्न आणि एअरबॅगचा दिवा एकदमच कुरकुरायला लागले, तेही स्टिअरिंग वळवल्यावर, तर पहिला संशय तिच्यावर. पण उभ्या गाडीतही एकच बटण दुसऱ्याचं काम करत असेल, तर बटणाकडे बघायचं. कारण बऱ्याच गाड्यांत प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स असतो आणि स्टिरिओ त्या आकड्यावरून बटण ओळखतो. आकडा सरकला की ओळख चुकते.

हे नुसतं तोंडी सांगून ते थांबले नाहीत, मोजून दाखवलं. बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि चांगली दहा मिनिटं गाडी तशीच ठेवली, एअरबॅगमधला साठलेला करंट उतरावा म्हणून. एअरबॅग काढून कव्हरची बाजू वर ठेवून लांब कोपऱ्यात ठेवली. शिकाऊ पोरानं मीटरची पिन हातात घेतली, तर त्याला लगेच दटावलं, “पिवळ्या कपलरला मीटर लावायचा नाही.” पिवळा कपलर म्हणजे एअरबॅगच्या वायरची जोडणी, आणि साध्या मीटरच्या करंटनंही एअरबॅग उडू शकते. ज्या दुकानात ही शिस्त नाही, तिथे स्टिअरिंग उघडू देऊ नका, हे मी कळकळीनं सांगते.

मग थेट बटणांच्या कपलरवर मीटर लावला. काकांकडे एक तेलकट वही आहे, त्यात मॉडेलप्रमाणे कुठल्या बटणाला किती ओहम ते लिहून ठेवलंय. माझ्या गाडीच्या पानावर आवाज वाढवायच्या बटणापुढे दीडशेच्या आसपासचा आकडा होता. मीटरवर तो अडीचशे-तीनशेच्या मध्ये नाचत होता, म्हणजे गाणं पुढे न्यायच्या बटणाच्या घरात. पॅड उघडलं तर रबराखालच्या काळ्या कार्बनवर चिकट थर. माझ्या कामातलं मसाजचं तेल आणि सॅनिटायझर, दोन्ही बोटांवाटे तिथे उतरलं असणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं हळूहळू पुसलं, वाळू दिलं. मीटर वहीतल्या आकड्यावर येऊन थांबला. बटणांना नवा पार्ट लागलाच नाही.

क्लॉक स्प्रिंगच्या बाबतीत मात्र त्यांनी अजिबात तडजोड केली नाही. सुटी काढून मीटरच्या बझरवर हॉर्नची लाइन धरली आणि मधलं चाक हातानं फिरवलं. एका ठरावीक जागी आवाज तुटायचा. आत पट्टीला घडी पडून तांबं चिरलं होतं. मीच विचारलं, सोल्डर करून किंवा जुन्या बाजारातली लावून भागेल का? “हॉर्नपुरतं भागेल हो, पण ह्याच पट्टीतून एअरबॅग चालते. तिथं मी जुगाड करत नाही.” ओरिजिनल मागवली. पार्टचे चार हजार दोनशे, मजुरी नऊशे. जिथे पुसून भागतं तिथे पुसायचं आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे नवंच लावायचं, एवढी पारख असलेला माणूस सहज मिळत नाही. मजुरीचे नऊशे मी आनंदानं दिले.

बसवतानाही घाई नाही. चाकं सरळ केली, शाफ्टवर खूण केली. नव्या पार्टची लॉक पिन जागेवर बसेपर्यंत काढली नाही. मधला बिंदू चुकला तर पहिल्याच यू-टर्नला पट्टी ताणून तुटते म्हणे. शेवटी हॉर्न दाबून धरत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, स्कॅनरनं जुना एरर काढला आणि दिवा परत येत नाही ना ते पाहिलं. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत स्टिअरिंगचा अँगल सेन्सर याच पार्टला जोडलेला असतो, त्यांना कॅलिब्रेशनही लागतं. तेही इथे होतं. बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओला स्टिअरिंगवरची बटणं ओळखायला शिकवण्याचं काम तर दिवसभर चालूच असतं.

उणिवाही आहेत. बसायला एक बाक, तोही उन्हात. वेळ दिलेली असली तरी मधे कुणाची बंद पडलेली रिक्षा आली की तुमचं काम थांबतं. फोन उचलतीलच असं नाही. बिल वहीच्या पानावर मिळतं. पार्टचं पक्कं बिल हवं असेल तर आधीच सांगून ठेवा, मग डीलरकडून आणून देतात. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच दाखवा, काका स्वतःही तसंच सांगून परत पाठवतात.

सकाळी दुकान उघडताच गेलात तर नंबर पहिला लागतो. रविवारी बंद.