सरकती पेडलं: बडोद्यातल्या घरगुती गाडीवर एक पावसाळा काढल्यावर

सीट सरकवता येत असेल तर सीटच सरकवा. पेडलं सरकवायच्या भानगडीत पडू नका. उन्हाळ्यापासून आजपर्यंतच्या वापराचं माझं मत हेच आहे. आमच्याकडे मात्र तो पर्याय नव्हता. ओम्नीचं 796 सीसी इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, चौकोनी पाइपची चासी आणि घरीच बांधलेली दोघांपुरती बुटकी गाडी. सीटची पाठ मागच्या आडव्या पत्र्याला टेकलेली आणि पत्र्यापलीकडे लगेच मागचा अ‍ॅक्सल. मी सहा फुटांना जरासा कमी, ताई पाच फूट एक इंच, आणि गाडी दोघांची. मग सीट जागेवर ठेवून पेडलंच पुढे-मागे करायची, असं ठरलं. फेरारीने 2013 च्या ला फेरारीत हेच केलंय: सीट पक्की, पेडलं आणि स्टिअरिंग सरकतं. तेवढ्यावरून घरात माझा भाव वाढला, गाडीचा नाही.

गाडी रस्त्यावर चालवत नाही. घरी बांधलेल्या गाडीला सहजी पासिंग मिळत नाही. टेम्पोत घालून पादऱ्याकडे ओळखीच्यांच्या शेतावर नेतो आणि तिथल्या खाजगी कच्च्या वाटेवर फिरवतो. म्हणजे हा अनुभव धूळ, खड्डे आणि चिखलातला आहे. गुळगुळीत डांबरावर काही गोष्टी वेगळ्या असतील.

रचना साधी आहे. 6 मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट दोन रेलवर सरकते आणि तिन्ही पेडलं त्या प्लेटवर खालून बिजागरलेली आहेत. ब्रेकचे दोन्ही मास्टर सिलिंडरही (पायाच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारे) त्याच प्लेटवर बसवलेत. काहीजण सिलिंडर पुढच्या पत्र्यावर पक्के ठेवतात आणि फक्त पेडलं सरकवतात. तसं केलं की पुशरॉडची, म्हणजे पेडलचा जोर सिलिंडरला देणाऱ्या दांड्याची, लांबी दर खाचेला बदलावी लागते. शिवाय ब्रेकचा सगळा जोर चासीतून फिरतो. आमचं पेडल पाचास एक आहे. पायाने 40 किलो दाबलं की सिलिंडरवर 200 किलो येतात आणि बॅलन्स बार (दोन सिलिंडरांत जोर वाटणारा आडवा दांडा) मधोमध असला की ते शंभर-शंभर वाटले जातात. पुढच्या डिस्कसाठी पाच सूत (पाच अष्टमांश इंच) बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, सिलिंडर आहे, त्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण 50 किलो दाब तयार होतो. मागच्या ड्रमसाठी सहा सूत, तिथे 35. बोअर लहान तेवढा दाब जास्त, पण पेडलही तेवढंच खोल जातं. हे 200 किलो प्लेटच्या आतल्या आत जिरतात आणि रेलला फक्त पायाचा जोर सोसावा लागतो. सिलिंडर प्लेटवर घ्यायचं मुख्य कारण हेच.

पायाचा जोर कमी असतो असं मात्र समजू नका. पुतण्या इथे टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकतो, आमच्या वडिलांच्या तोंडी अजून कलाभवनच. त्याने फॉर्म्युला स्टुडंटचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धेचा, नियम दाखवला: ब्रेकचं पेडल आणि त्याची बैठक 2000 न्यूटनला टिकली पाहिजे, म्हणजे साधारण 200 किलो. घाबरलेला माणूस खरोखर एवढ्या जोराने पाय मारतो. पेडलचा पॅड रेलपासून 20 सेंटिमीटर वर आणि प्लेट 32 सेंटिमीटर लांब धरली, तर त्या एका दणक्यात प्लेटची टाचेकडची कड सव्वाशे किलोने वर उचलली जाते. म्हणून रेलवर वरून दाबून धरणारी पट्टी हवी आणि टाचेच्या बाजूला ती सगळ्यात जाड हवी. बरेच जण पेडलसाठी भंगारातली सीटची रेल वापरतात. ती बहुधा एकाच बाजूला लॉक होते, आणि पेडलवर जोर पडतो तो नेमका बाजूला. मग प्लेट तिरकी होऊन अडकते. लॉक दोन्ही बाजूंना पाहिजे, यात तडजोड नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते लॉकनेच. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका लेथवाल्याने पिना करून दिल्या. माणूस हाताचा चांगला, पण कुठल्याही मापाला त्याचं उत्तर एकच, "थई जशे", म्हणजे होऊन जाईल. 12 ची पिन आणि भोक साडेबाराचं. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ब्रेक दाबला की टक्, सोडला की पुन्हा टक्. पायाला ते लगेच कळतं आणि मग डोकं ब्रेककडे न राहता त्या आवाजाकडे लागतं. शेवटी पिनेचं टोक निमुळतं करून घेतलं आणि भोकालाही तसाच उतार दिला. आता स्प्रिंग पिनेला आत ढकलते आणि ती आपोआप घट्ट बसते. उतार फार कमी ठेवला तर मात्र पिन अशी रुतते की हातोडी घ्यावी लागते, तेव्हा मध्यम ठेवा. तेव्हापासून आवाज बंद आहे.

पिना 25 मिलिमीटरच्या अंतराने सहा खाचांत बसतात, म्हणजे एकूण सरक 125 मिलिमीटर. माझी खाच सगळ्यात पुढची, ताईची पाचवी. दोन्ही पिना मधल्या बोगद्यावरच्या (दोन सीटांमधल्या लांब उंचवट्यावरच्या) एकाच लिव्हरने उचलल्या जातात. सरकवल्यावर प्लेटला टाचेने एक ढकल द्यायची आणि दोन्ही बाजूंचा आवाज ऐकायचा. एकच आवाज आला तर गाडी हलवायची नाही.

ताईचं म्हणणं वेगळं होतं. "अरे, हा क्लच आहे की जुम्मादादा व्यायाम मंदिर?" खरंच तिच्या खाचेवर क्लच जड लागायचा. क्लचच्या केबलचं बाहेरचं कव्हर प्लेटवरच अडकवलंय, त्यामुळे प्लेट सरकली तरी आतल्या तारेचा ताण तसा फारसा बदलत नाही. बदलतं ते कव्हरचं वळण. प्लेट मागे आली की केबलचा फुगा मोठा होतो आणि तार आत घासते. केबल बोगद्याच्या दुसऱ्या बाजूने फिरवून घेतली, तेव्हा फरक पडला. पूर्ण नाही, पण तक्रार थांबली.

तिची दुसरी अडचण मला स्वतःहून कधीच सुचली नसती. पेडलं जवळ आली, तरी तिची टाच जमिनीला टेकली की चवडा पॅडच्या खालच्या कडेवर यायचा. म्हणजे अंतर जुळवूनही उंची जुळत नव्हती. आता टाचेखाली 20 मिलिमीटरचा प्लायचा तुकडा दोन खटक्यांवर बसतो आणि पॅडच्या दांड्यालाही वर-खाली दोन भोकं आहेत. लहान पावलाच्या माणसासाठी पेडलं करत असाल तर हे सरकवण्याच्या आधी बघा.

पाऊस सुरू झाला तसं रेलचं खरं रूप दिसलं. सुरुवातीला ग्रीस भरपूर लावलं होतं. शेतावरची धूळ त्यात बसली की रेल खाणारी पेस्टच तयार होते. आता ग्रीस बंद, रेल पुसून कोरडी ठेवतो आणि ग्राफाइटची भुकटी हाताने चोळतो. प्लेट आणि पिनांना झिंक प्लेटिंग केलंय. जिथे नाही केलं, म्हणजे लिव्हरचा पिव्हट, तिथे श्रावणात गंज धरला. पेडलांच्या बिजागरीतले गनमेटलचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) अजून ठणठणीत आहेत.

सिलिंडर सरकतात म्हणून ब्रेकच्या नळ्या लवचिक घ्याव्या लागतात. आमच्या स्टीलच्या जाळीच्या होजपैकी एकीच्या टोकाला पहिल्या महिन्यातच ओल दिसली. दुकानदाराने बदलून दिली, पण आधी बराच वेळ दोष माझ्या घट्ट करण्याला दिला. ब्रेक ऑइल डॉट 4 आहे, आणि त्याने रंगाचे पापुद्रे काढले ते वेगळंच. होज बसवल्यावर प्लेट सगळ्या खाचांतून सरकवून पाहा, स्टिअरिंगच्या दांड्याला कुठे घासत नाही ना ते. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढतानाही प्लेट तुमच्या रोजच्या खाचेवर ठेवा.

अ‍ॅक्सिलरेटरचं एक काम अजून बाकी आहे. पूर्ण दाबल्यावर पेडल जिथे थांबायला हवं, तिथे अडणारा बोल्ट लावलेला नाही, म्हणून सगळा जोर केबलच्या टोकाच्या बोंडावर येतो. मागच्या खेपेला तिथली एक तार सुटलेली दिसली. बोल्ट आणि नवी केबल दोन्ही आणून ठेवलंय. दिवाळीआधी बसवलं नाही तर ताई गाडीला हात लावणार नाही म्हणालीय.