‘ॲबॅन्डन’ : पर्सेफोनीची कथा, फ्लोरिडातल्या बेटावर

मेग कॅबट यांची ‘ॲबॅन्डन’ ही इंग्रजी कादंबरी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ‘अंडरवर्ल्ड’ (२०१२) व ‘अवेकन’ (२०१३) या पुढील भागांनी तिची त्रयी पूर्ण झाली. ग्रीक पुराणात पर्सेफोनीला पाताळात पळवून नेणाऱ्या पाताळाच्या राजाची, हेडिसची, कथा आजच्या काळात आणून बसवण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे आणि त्यांपैकी बहुतेकांचे सारे लक्ष काळ्या कपड्यांतल्या देखण्या नायकावरच खिळलेले असते. तसा नायक येथेही आहे. तरीही या कादंबरीची दखल घ्यावीशी वाटते ती मृत्यू, घर आणि आई यांच्याविषयी ती जे सांगते त्यासाठी. प्रेमकथा हा तिचा सर्वांत लंगडा भाग आहे.

सतरा वर्षांची पिअर्स ऑलिव्हिएरा ही नायिका स्वतःच आपली हकीकत सांगते. काही काळापूर्वी एका जखमी पक्ष्याला वाचवायला धावली असता स्वतःच्याच स्कार्फमध्ये पाय अडकून ती पडली, डोक्याला मार लागला आणि घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून तिचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी तिला परत आणले खरे, पण मधल्या वेळात ती एका सरोवराच्या काठी पोहोचली होती. तेथे मृतांच्या दोन रांगा लागलेल्या आहेत, पहारेकरी माणसांना या किंवा त्या रांगेत ढकलत आहेत आणि कोणती नाव कोठे जाणार हे कोणीच सांगत नाही. सरकारी कचेरीत आणि मृत्यूनंतर सारखाच खोळंबा होतो, ही कल्पना लेखिकेने मिश्कीलपणे रंगवली आहे. काळ्या घोड्यावरून आलेल्या जॉन हेडनला, म्हणजे या कथेतल्या हेडिसला, पिअर्स ओळखते, कारण सात वर्षांची असताना आजोबांच्या दफनाच्या वेळी तो तिला दफनभूमीत भेटला होता. त्याच्याकडे ती कुडकुडणाऱ्या इतर माणसांची तक्रार घेऊन जाते. जॉन मात्र तिला आपल्या दालनात नेतो, तिने तेथेच राहावे अशी इच्छा धरतो, धोका जवळ आला की रंग बदलणाऱ्या हिऱ्याचा हार तिच्या गळ्यात घालतो. आणि ती गरम चहा त्याच्या तोंडावर फेकून पळ काढते. संपूर्ण पुस्तकातील हा सर्वांत जिवंत प्रसंग आहे.

मूळ कथेचे सर्वांत जुने विस्तृत रूप प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर असलेल्या, पर्सेफोनीची आई आणि धान्याची देवी डिमीटर हिच्या स्तोत्रात सापडते. फुले वेचणारी मुलगी नार्सिससच्या फुलाला हात घालते, जमीन दुभंगते आणि हेडिस तिला रथातून घेऊन जातो. या साऱ्याला तिचा बाप, देवांचा राजा झ्यूस, याची संमती असते. त्यानंतर स्तोत्राचा मोठा भाग आईचा आहे. हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून वणवण करणारी डिमीटर अखेर पृथ्वीवर धान्य उगवू देत नाही, तेव्हा कोठे झ्यूस नमतो. पण पाताळातल्या डाळिंबाचा दाणा पोटात गेल्यामुळे मुलीला वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात काढावा लागतो. कॅबट यांनी या मांडणीत एक फार चतुर उलटापालट केली आहे. घटस्फोटानंतर पिअर्सची आई मुलीला नव्याने सुरुवात करता यावी म्हणून तिला आपल्या माहेरच्या बेटावर घेऊन येते आणि पाताळाचे दार नेमके त्याच बेटाखाली असते. स्तोत्रातली आई मुलगी कोठे गेली हे शोधत फिरते; येथे आईच तिला दारापर्यंत आणून सोडते, तेही मायेपोटी. पुढे मात्र या आईला फारसे काम उरत नाही, आणि ती संधी हातची गेल्याची चुटपुट लागते.

इस्ला ह्युसोस हे बेट काल्पनिक असले तरी त्याच्यामागे फ्लोरिडातले ‘की वेस्ट’ हे लेखिकेचे स्वतःचे बेट उघड दिसते. ऑक्टोबर १८४६ च्या चक्रीवादळात तेथील किनाऱ्यालगतची दफनभूमी उद्ध्वस्त झाली आणि १८४७ मध्ये बेटाच्या उंच भागात नवी वसवण्यात आली; तिच्यात अनेक मृतदेह जमिनीवर बांधलेल्या कोठड्यांत ठेवलेले आहेत. कादंबरीतील दफनभूमी, वादळाची सततची धास्ती आणि शाळेतील मोठ्या मुलांनी शवपेटी बनवून लपवायची विचित्र प्रथा यांना या पार्श्वभूमीमुळे वजन येते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी इटालियन कवी दांतेच्या ‘इन्फर्नो’ या नरकयात्रेच्या काव्यातील ओळी आहेत, त्या मात्र पुष्कळदा शोभेपुरत्याच राहतात.

खरी अडचण जॉनची आहे. तो संकटात धावून येतो आणि समोरच्याला जबर इजा करून निघून जातो. विद्यार्थिनीचा गैरफायदा घेणाऱ्या शिक्षकाचा हात तो चिरडतो तेव्हा वाचकाला बरेच वाटते; पण पिअर्सने स्वतः आखलेला बेत त्यामुळे पुसला जातो, याकडे लेखिका पुरेसे लक्ष देत नाही. ज्याच्या तोंडावर चहा फेकला त्याच्याविषयी ओढ कशी निर्माण झाली, हे टप्प्याटप्प्याने दाखवायला हवे होते. त्याऐवजी त्याचे दुःखी डोळे आणि एकाकीपणा यांवरच भिस्त ठेवलेली आहे, आणि सोळा-सतरा वर्षांच्या वाचकापुढे जबरदस्तीला काळजीचे रूप देणे मला पटत नाही. ग्रीक कथांत शपथभंग आणि आप्तहत्या यांचा सूड घेणाऱ्या फ्यूरीज या देवता येथे असंतुष्ट मृतांचे आत्मे होऊन जिवंतांच्या अंगात शिरतात. हा बदल रहस्यासाठी उपयोगी आहे, तथापि त्यांचा मूळचा न्यायाचा दरारा त्यात हरवतो.

निवेदनाची आणखी एक खोड चांगलीच त्रास देते. जुन्या शाळेत काहीतरी घडले, जवाहिऱ्याच्या दुकानात काहीतरी घडले, असे पिअर्स वारंवार सुचवते आणि सांगायचे टाळते. पुस्तकाचा जवळजवळ पूर्वार्ध या लपंडावात जातो. भाषा मात्र सोपी, बोलकी आणि विनोदाची जाण असलेली आहे, त्यामुळे इंग्रजी वाचनाचा सराव वाढवू पाहणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ती जड जाणार नाही. पहिला भाग ऐन मोक्याच्या ठिकाणी थांबतो, तेव्हा दुसरा भाग हाताशी असल्याशिवाय तो सुरू करू नये. आणि स्तोत्र इंग्रजी अनुवादात एका बैठकीत वाचून होण्याइतके लहान असल्याने ते आधी वाचून घेतले, तर कादंबरीतील आईच्या प्रत्येक प्रवेशाला वेगळीच धार येते.