घरी केलेली जपानी अक्षरांची कार्डं : काही महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर नाशिकमधल्या आमच्या जपानी शिकणाऱ्या गटाने तयार संच बाजूला ठेवले आणि अक्षरांची कार्डं घरीच करायला घेतली. आता पावसाळा सुरू आहे, कार्डांचे कोपरे हाताळून मऊ पडलेत. कुणाला असं काही करायचं असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

आधी कागद. ओळखीच्या छापखान्यातून पत्रिकांच्या जाड कागदाची कात्रणं स्वस्तात मिळाली. घेताना बिनचकाकीचा कागद बघून घ्या. गुळगुळीत कागदावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही, बोट लागलं की पसरते. मार्करने लिहायचं असेल तर ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा हवा, नाहीतर मागचं उत्तर पुढून दिसतं. एका कोपऱ्यात पंच मारून रिंग घातली की झालं. जपानमधले विद्यार्थी अशीच रिंगवाली छोटी कार्डं वापरतात, त्यांना तांगोचो म्हणतात. सीबीएसहून अंबडला जाताना बसमध्ये उभ्याउभ्या एका हाताने उलटता येतात. लॅमिनेशन मात्र करू नका. त्यावर नंतर पेन चालत नाही, आणि कार्डावर महिनोन्महिने भर पडत राहायला हवी.

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारानुसारी लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. हा टप्पा मराठी माणसाला फार जड जात नाही, कारण त्यांचा क्रम आपल्याच वर्णमालेच्या वळणाचा आहे: आधी स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. उच्चार देवनागरीत लिहा, रोमनच्या फंदात पडू नका. खरा त्रास देते ती काताकानातली 'शि', 'त्सु', 'सो' आणि 'न' ही चौकडी. 'शि'च्या दोन छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक, आडव्या कलतात आणि लांब रेघ खालून वर जाते. 'त्सु'च्या त्याच रेघा वरती शेजारीशेजारी, उभ्या असतात आणि लांब रेघ वरून खाली येते. 'न' हा 'शि'सारखा, 'सो' हा 'त्सु'सारखा, फक्त छोटी रेघ एकच. आम्ही या चारांची वेगळी रिंग केली आणि रेघ कुठून सुरू होते तिथे लाल बाण काढला. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने काही लिहायचं नसतं, सगळे प्रश्न पर्यायांचे. तरीही ही अक्षरं वेगळी ओळखू यायला लागली ती हाताने काढल्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाही चिन्हांची, गोष्ट निराळी. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या जोयो कांजीच २१३६ आहेत आणि एकेकीचे अनेक उच्चार. 'दिवस' किंवा 'सूर्य' या अर्थाची कांजी घ्या. 'निचियोबी' म्हणजे रविवार, या एकाच शब्दात ती सुरुवातीला 'निचि' आणि शेवटी 'बि' अशी वाचली जाते. म्हणून कार्डामागे उच्चारांची यादी न लिहिता दोन-तीन पूर्ण शब्द लिहा. यादी पाठ होते, पण वाचताना आठवत नाही.

उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत वापरतो. चपलांच्या खोक्यात पाच कप्पे. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे अधिकाधिक अंतराने. मोबाइलवरचं 'अंकी' (Anki) नावाचं ॲप हेच काम आपोआप करतं आणि शब्द वाढले की त्याला तोड नाही. मी दोन्ही वापरते.

आता वाटपाबद्दल, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. गटात नव्याने आलेल्यांना पूर्ण भरलेला संच दिला की तो पिशवीतच राहतो. ज्यांनी स्वतः लिहिला, त्यांचीच अक्षरं पक्की झाली. म्हणून आता आम्ही पीडीएफमध्ये फक्त पुढची बाजू पाठवतो, मागची कोरी. शब्द आणि लक्षात ठेवायची खूण ज्याची त्याने घालायची. दोन्ही बाजू छापणारच असाल तर मागच्या पानावर डावा-उजवा रकाना अदलाबदल करा, नाहीतर उत्तरं भलत्याच कार्डामागे जातात. फॉन्ट जपानी पाठ्यपुस्तकांचा, म्हणजे क्योकाशो वळणाचा घ्या. हिरागानातल्या छापील 'कि' आणि 'सा' मध्ये खालचा बाक जोडलेला असतो, हाताने लिहिताना तो सुटा असतो, आणि नवीन माणूस एकाच अक्षराच्या या दोन रूपांना वेगळी अक्षरं समजतो. फाइल नुसत्या मजकुरात पाठवली तर काही फोनवर कांजी चिनी वळणाची दिसते, 'सरळ' या अर्थाची कांजी तर ओळखूच येत नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट बसवूनच पाठवा.

सध्या जेएलपीटीच्या एन४ पातळीच्या कांजी चालू आहेत. दर आठवड्याला ज्याची पाळी असेल तो एक ए४ पान तयार करतो, आठ कार्डांचं. त्याहून जास्त पाठवलं की कुणी कापत नाही.