लग्नाच्या भेटींची यादी: एकाच दुकानात, सगळीकडची एकत्र, की थेट पैसे?

लग्न ठरलं की जवळची माणसं विचारतात, "तुम्हाला काय हवंय?" दोघांचं उत्तर ठरलेलं असतं, "काही नको, तुम्ही फक्त या." उत्तर मनापासूनचं असतं, पण ज्याला काहीतरी द्यायचंच आहे त्याची अडचण त्याने सुटत नाही. तो अंदाजाने काहीतरी घेतो आणि नव्या घरात तीन भिंतीवरची घड्याळं येऊन पडतात. गिफ्ट रजिस्ट्री, म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या वस्तूंची पाहुण्यांना बघता येईल अशी यादी, ही अडचण दूर करते. ती केली म्हणजे मागितल्यासारखं होतं, असं बऱ्याच जोडप्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. यादी बघायची सक्ती कोणावरच नसते, आणि ज्याला ती हवी असते त्याचा वेळ वाचतो.

ही यादी करण्याचे प्रकार तीन: एखाद्या दुकानाची स्वतःची रजिस्ट्री, कुठल्याही दुकानातल्या वस्तू एकत्र मांडता येणारी रजिस्ट्री, आणि पैशांचा निधी. जाहिरातींत तिन्ही सारख्याच सोप्या दिसतात. निवडताना मी आधी एकच गोष्ट बघेन: वस्तू कोणीतरी घेतली, हे यादीला कळतं कसं? बाकीचे बहुतेक फायदे-तोटे याच एका मुद्द्यावरून निघतात.

एका दुकानाची रजिस्ट्री

हा सगळ्यांत जुना प्रकार. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानाने १९२४ मध्ये तो सुरू केला, असं मानलं जातं. वधू-वरांनी कुठली भांडी, कुठली नक्षी पसंत केली आहे याची नोंद दुकानच ठेवायचं आणि पाहुणे येऊन विचारायचे. आज ती नोंद संगणकात असते, पण तत्त्व तेच आहे. यादी दुकानाची आणि बिलही दुकानाचंच, त्यामुळे पैसे भरले गेले की यादीतला आकडा आपोआप कमी होतो. पाहुण्याला वेगळं काही करावं लागत नाही. एकच वस्तू दोनदा येण्याची शक्यता इथे सर्वांत कमी, आणि फोनवर लिंक उघडून खरेदी करणं ज्यांना जमत नाही, त्यांना प्रत्यक्ष काउंटरवर जाऊन तुमचं नाव सांगता येतं. पाहुण्यांत वयस्कर मंडळी जास्त असतील तर हा मुद्दा फार मोठा आहे.

परत करणंही सोपं जातं, कारण खरेदी यादीशी जोडलेली असते. मात्र परताव्याचे पैसे बहुधा त्याच दुकानात वापरायच्या क्रेडिटच्या रूपात मिळतात, हे धरून चाला. बरीच दुकानं लग्नानंतर यादीत उरलेल्या वस्तूंवर जोडप्याला एकदा सवलत देतात, साधारण १० ते २० टक्के. म्हणून जी महागडी वस्तू तुम्ही स्वतःच घेणार आहात तीही यादीत घालून ठेवा. कोणी नाही दिली तरी स्वस्तात मिळेल.

तोटा उघड आहे. दुकानात जे नाही ते यादीतही नाही. चांगली गादी एका ठिकाणची आवडलेली, दिवा दुसरीकडचा, तर मन मारावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे यादी लहान दिसते म्हणून माणूस नको त्या वस्तू भरत सुटतो.

सगळीकडची एकत्र यादी

इथे कुठल्याही संकेतस्थळावरची वस्तू ब्राउझरमधलं एक बटण दाबून यादीत टाकता येते. स्वातंत्र्य भरपूर. गावातल्या कारागिराकडची खुर्ची आणि मोठ्या दुकानातल्या चादरी एकाच पानावर. पहिल्याच दिवशी हा प्रकार आवडतो, आणि त्यात गैर काही नाही. पण आतली रचना समजून घ्या. यादीत असते ती फक्त वस्तूची लिंक, तिचा फोटो आणि त्या दिवशीची किंमत. खरेदी होते भलत्याच ठिकाणी.

एक पाहुणी बसमध्ये बसून फोनवर तुमची यादी उघडते असं धरू. दिवा आवडतो, ती त्यावर बोट ठेवते, दुकानाचं ॲप उघडतं. तिथे लॉगिन, तुमचा पत्ता टाईप करणं, ओटीपी, पैसे. ऑर्डर झाल्याचा संदेश येतो आणि ती फोन पिशवीत टाकते. यादीच्या पानावर परत येऊन "ही वस्तू मी घेतली" हे बटण दाबायचं राहून जातं. चूक तिची म्हणता येणार नाही, कारण तिच्या दृष्टीने काम झालेलं आहे. पण यादीत दिवा अजून शिल्लकच दिसतो, आणि दोन दिवसांनी तुमचा एखादा मामेभाऊ तोच घेतो.

यावर उपाय आहेत. दुकानात पाठवण्याआधीच वस्तू त्या पाहुण्याच्या नावावर राखून ठेवणारी सेवा निवडा. यादीच्या अगदी वर दोन ओळींत सांगा की घेतल्यावर खूण करा. पार्सल घरी आलं की तुम्ही स्वतः खूण करा, आणि दर दहा-पंधरा दिवसांनी लिंका तपासा. वस्तू संपते, किंमत वाढते, पान गायब होतं, आणि यादीला यातलं काहीच आपणहून कळेल असं नाही. थोडक्यात, ही यादी सांभाळावी लागते. दोघांपैकी एकजण नियमाने बघणार असेल तर माझं मत याच प्रकाराला. दोघंही कामात गळ्यापर्यंत बुडालेले असाल, तर एक दुकान बरं.

पत्त्याचाही प्रश्न आहे. दुकानाच्या रजिस्ट्रीत पाहुण्याला तुमचा पूर्ण पत्ता सहसा दिसत नाही, पार्सल आपोआप तुमच्याकडे येतं. इथे पत्ता द्यावा लागतो. तो सगळ्या जगाला दिसणाऱ्या पानावर कधीही लिहू नका. यादीला पासवर्ड ठेवा.

पैशांचा निधी

घर आधीच मांडलेलं आहे, दोघं वर्षानुवर्षं स्वतंत्र राहत होता, किंवा लग्नानंतर लगेच देश बदलायचा आहे, अशांनी वस्तूंच्या मागे लागू नये. मधुचंद्राच्या खर्चासाठी भेट गोळा करणारी हनीफंड ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली, आणि आता निधीची सोय बऱ्याच रजिस्ट्रींत असते.

सेवेला तीन प्रश्न विचारा. कार्डाने पैसे भरताना कापलं जाणारं शुल्क कोण भरणार, देणारा की तुम्ही? रक्कम खात्यात किती दिवसांनी येते? आणि खातं दोघांपैकी कोणाच्या नावावर? तिसऱ्या प्रश्नावरून पुढे कुरबुरी होतात, म्हणून तो आधीच मिटवा. रक्कम मोठी होणार असेल तर आपल्या देशातला कराचा नियमही बघून घ्या.

काही सेवा यादीत खुर्ची दाखवतात, पण पाहुण्याने ती "घेतली" की तुमच्याकडे येतात पैसे. सोयीचं आहे, पण पाहुण्याला हे माहीत हवं. घरी आल्यावर तो आपण दिलेली खुर्ची शोधेल. पानावर स्वच्छ लिहा. निधी मागतानाही नुसता आकडा नको, "एका रात्रीचा मुक्काम", "प्रवासाच्या तिकिटाचा वाटा" असे तुकडे करा. देणाऱ्याला आपण काय दिलं ते सांगता आलं पाहिजे.

मी स्वतः सगळा भार निधीवर टाकणार नाही. काही माणसांना हातात धरता येईल अशी वस्तूच द्यायची असते, आणि त्यांच्यासाठी थोड्या वस्तू ठेवणं हा त्यांच्या प्रेमाचा मान आहे.

मग ठरवायचं कसं

घर शून्यातून मांडायचंय आणि पाहुणे दुकानात जाणारे आहेत, तर एक दुकान. आवडीनिवडी पक्क्या आहेत आणि यादी बघायला वेळ आहे, तर एकत्र यादी, तिच्यातच एक छोटा निधी. घर भरलेलं आहे, तर मोठा निधी आणि मोजक्या वस्तू. दोन दुकानांच्या दोन याद्या चालतात, पण त्याहून जास्त नकोत, कारण पाहुणे गोंधळतात.

यादी भरताना प्रत्येक आमंत्रित कुटुंबामागे साधारण दोन वस्तू धरा, म्हणजे शेवटच्या माणसालाही निवड उरते. निम्म्याहून जास्त वस्तू परवडणाऱ्या असू द्या. नगांकडे नीट बघा: "प्लेट, नग ६" म्हणजे सहा प्लेट की सहा-सहाचे सहा संच? हे न बघितल्यामुळे एखादा पाहुणा एकटीच प्लेट पाठवतो आणि उरलेल्या पाच कधीच येत नाहीत. संच असेल तर संच म्हणूनच टाका. रंग आणि मापही नक्की करा, नाहीतर एकाच खोलीत दोन छटांच्या चादरी येतात.

महागडी वस्तू बऱ्याच जणांनी मिळून द्यायची सोय असेल, तर पूर्ण रक्कम जमली नाही तर काय होतं हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी जमलेले पैसे दुकानाच्या क्रेडिटमध्ये जातात.

यादी लग्नाच्या चार-सहा महिने आधी तयार ठेवा. लग्न झालं म्हणून लगेच बंद करू नका. उशिरा भेट पाठवणारे असतातच, आणि उरलेल्या वस्तूंवरची सवलतही तेव्हाच वापरायची असते. कोणी काय दिलं याची नोंद मात्र यादी बंद करण्याआधी उतरवून घ्या. काही सेवा मुदत संपल्यावर पान काढून टाकतात, आणि आभाराचे निरोप लिहायला बसल्यावर त्या नोंदीशिवाय पान हलत नाही.