शिवलेला स्कार्फ की ओढणीवर कोट? कांडी मशीनवर काय घालावे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत कांडी मशीनवर (मागासाठी कांडीवर सूत गुंडाळणारे यंत्र) काम करणाऱ्या बायकांपुढे हा प्रश्न येतोच: डोके झाकायचे आहे, पण सैल कापड फिरत्या भागाजवळ नको. बेल्ट किंवा रोलरने टोक ओढले, तर हात मशीन बंद करायच्या बटणापर्यंत पोहोचत नाही.

अडकण्याचा धोका टाळायला डोक्यावरून चढवायचा शिवलेला सुती स्कार्फ सरस. त्याला सुटे टोक नाही, पिनही नको. मानेमागे उघडा काप ठेवून वेल्क्रो लावा, म्हणजे ओढ बसताच तो सुटतो. गाठ किंवा हुक सुटत नाही. कोटाने ओढणी-पदर छातीवर दाबला जातो, पण डोक्यावरचा भाग मोकळाच राहतो आणि वाकताना घसरतो. शिवाय कोटाच्या पाठीमागच्या लांब नाड्या हा वेगळाच धोका. त्या कापून बटणे लावा, बाह्यांना इलॅस्टिक घाला.

उकाड्यात कोट म्हणजे अंगावर आणखी एक थर. सोलापूरच्या मे महिन्यात तो दुपारी काढून ठेवला जातो, आणि मग संरक्षण शून्य. बॉयलरच्या तापलेल्या भागाला लागले तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटू शकते, म्हणून स्कार्फ आणि कोट दोन्ही सुतीच हवेत.

मागांच्या आवाजासाठी स्कार्फवरून इअरमफ (कान झाकणाऱ्या वाट्या) लावले तर कडेला फट राहते. आधी कानात प्लग, मग स्कार्फ.

कांडी, वार्पिंग (मागासाठी ताण्याचे सूत गुंडाळणे), माग: स्कार्फच, साडी असेल तर पदर कमरेला खोचून वर आखूड कोट. घडी, पॅकिंग: नेहमीची ओढणी आणि कोट पुरे. दोन स्कार्फ कारखान्यानेच द्यावेत, एक धुण्यात असतो.